लॅक्स्टनची शेतं नानांना दाखवून आणली (मोठा रिव्ह्यू आहे, वेळ काढून वाचा)

आधीच सांगतो, ज्यांना इंग्लंडमधे राजवाडे आणि गुलाबाच्या बागा बघायच्यात त्यांना हे ठिकाण आवडेलच असं नाही. पण ज्यांच्या घरात कधी ना कधी बांधावरून भांडण झालंय, ज्यांनी सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या ऑफिसबाहेर बाकावर दुपार काढलीय, किंवा ज्यांचे आईवडील गावाकडून दोन-तीन महिन्यांसाठी आलेत आणि लंडन दाखवून झाल्यावर आता ह्यांना कुठे न्यायचं असा प्रश्न पडलाय, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

माझे वडील, आम्ही नाना म्हणतो, भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. गावातले लोक म्हणायचे मोजणीवाले साहेब. शंकू-साखळी, नंतर प्लेन टेबल, नोकरीच्या शेवटी शेवटी ते ईटीएस नावाचं इलेक्ट्रॉनिक मोजणी मशीन, सगळं हाताळलेलं माणूस. आमचं गाव माढा तालुक्यात, भीमेच्या ह्या बाजूला, नदी ओलांडली की इंदापूर. मागच्या वर्षी एप्रिलमधे नाना पहिल्यांदा आमच्याकडे लेस्टरला आले. आल्या आल्या आम्ही एका ट्रॅव्हल कंपनीची (नाव देत नाही) एक दिवसाची कोच टूर केली, चार ठिकाणं दाखवतो म्हणाले आणि प्रत्येक ठिकाणी पंचवीस मिनिटं, त्यातली दहा टॉयलेटच्या लाइनीत. नाना दिवसभर खिडकीतून बाहेर बघत होते. मला वाटलं कंटाळले. रात्री जेवताना म्हणाले, "आरं, हितली कुंपणं काही ठिकाणी वाकडी का आहेत? आणि गवताच्या रानात त्या लाटा कसल्या? कुणीतरी लई मोठ्या सरी पाडून सोडून दिल्यासारख्या."

मी ह्या भागात नऊ वर्षं गाडी चालवतोय, त्या लाटा मला कधी दिसल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मुद्दाम संध्याकाळी बाहेर पडलो, ऊन तिरपं होतं, आणि हायवेच्या कडेच्या मेंढ्यांच्या कुरणात खरंच दिसल्या, एकामागून एक, लांबच लांब, सगळ्या एकाच दिशेने आणि टोकाला जरा वळलेल्या. वाचत गेलो तर कळलं की ही मध्ययुगातली शेतं आहेत. सातशे-आठशे वर्षांपूर्वी बैलांनी नांगरलेल्या पट्ट्या, वर नंतर गवत आलं, मेंढ्या चरत राहिल्या, पुन्हा नांगर लागला नाही म्हणून आकार तसाच राहिला. लेस्टरशायर, नॉर्थॅम्प्टनशायर ह्या पट्ट्यात अजून बऱ्याच ठिकाणी दिसतात. आणि वाचता वाचता हेही कळलं की ती पद्धत जिथे बंदच पडली नाही, जिथे बांध आणि कुंपण न घालता आजही तसंच शेत कसलं जातं असं एक गाव आहे, लॅक्स्टन, नॉटिंगहॅमशायरमधे, आमच्यापासून गाडीने एका दिवसात आरामात जाऊन येण्यासारखं. त्याच शनिवारी गेलो. मी, नाना आणि माझी नऊ वर्षांची मुलगी.

गाव ऑलर्टन आणि टक्सफर्डच्या मधे आहे, ए-वन हायवेपासून जवळ. एक मुख्य रस्ता, विटांची घरं, चर्च, एक पब. त्या पबच्या आवारातच छोटं व्हिजिटर सेंटर आहे, तिकीट नाही. फार मोठं काही असेल अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका, एक खोली आणि माहितीचे बोर्ड. पण आधी हे बोर्ड वाचा आणि मगच शेतात जा, कारण न वाचता गेलात तर समोर नुसतं एक मोठं हिरवं रान दिसेल आणि तुम्ही म्हणाल एवढ्यासाठी आलो का.

पद्धत अशी. गावाची तीन मोठी शेतं, साऊथ फील्ड, मिल फील्ड आणि वेस्ट फील्ड. एक शेत म्हणजे एका मालकाचं नाही, सगळ्या गावाचं मिळून एक शिवार, त्याच्यात प्रत्येक शेतकऱ्याच्या पट्ट्या, इथे एक, तिथे एक, तिन्ही शेतांत विखुरलेल्या. ह्या वर्षी एका शेतात गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक, म्हणजे बार्ली वगैरे, आणि तिसरं पड. पुढच्या वर्षी फिरवायचं. तुमची पट्टी गव्हाच्या शेतात आहे तर तुम्ही गहूच पेरायचा, मला बटाटे लावायचेत असं चालत नाही. आणि पट्ट्यांच्या मधे बांध नाही, तार नाही, काटेरी कुंपण नाही. पूर्वी इंग्लंडच्या मधल्या भागातली कितीतरी गावं अशीच होती, पार्लमेंटने एकेक गावासाठी कायदे करून ती शेतं वाटून टाकली आणि कुंपणं घातली. लॅक्स्टनच्या पॅरिशमधेही, म्हणजे गावाच्या हद्दीतही, काही भागाला कुंपणं पडली, पण ही तीन शेतं राहिली. दोन मोठ्या जमीनदारांचं एकमत होईना हे त्याचं एक कारण सांगतात, म्हणजे भावकीचं भांडण मिटलं नाही म्हणून वाटणीच व्हायची राहिली असाच प्रकार. नाना लगेच म्हणाले, "मिटलं नाही ते बरं झालं."

आता चालण्याबद्दल. गावातून शेतांकडे जाणाऱ्या गवती वाटा आहेत, खुणा लावलेल्या आहेत, कुणाला विचारायची गरज पडत नाही. आम्ही आधी गव्हाच्या शेताकडे गेलो. गहू वीतभर वर आलेला. पहिला अर्धा तास नाना काही बोलले नाहीत, नुसते कडेने चालत होते, मधेच थांबून डोळ्यावर हात धरून लांबवर बघत होते. मग एका जागी उभे राहिले आणि म्हणाले, "हा बघ, हितं दुसऱ्याचं चालू झालं." मला काहीच दिसेना. त्यांनी दाखवल्यावर दिसलं, पेरणीच्या ओळींची दिशा तीच पण अंतर किंचित वेगळं, एकीकडचा हिरवा जरा गडद, मधे बोटभर सुद्धा मोकळी जागा नाही. एका माणसाने पेरणी चार-सहा दिवस आधी केली असणार, म्हणून रंग वेगळा. एवढाच बांध. बाकी हद्द नाहीच.

नाना म्हणाले, आपल्याकडे असं असतं तर वर्षभरात खून पडला असता. मग त्यांनी विचारलं ते मी बोर्डावर वाचलेलं होतं म्हणून सांगता आलं, की मग हे लोक हद्द सांभाळतात कशी.

हाच ह्या गावातला सगळ्यात बघण्यासारखा भाग आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. लॅक्स्टनला स्वतःचं शेतीचं कोर्ट आहे, कोर्ट लीट म्हणतात. मध्ययुगात अशी कोर्टं गावोगाव होती. १९७७ साली इंग्लंडमधे कायदा करून असल्या जुन्या कोर्टांचे अधिकार काढून घेतले, पण त्या कायद्यातच लॅक्स्टनचं कोर्ट अपवाद म्हणून ठेवलं. दरवर्षी नोव्हेंबरच्या शेवटी ज्युरी, म्हणजे गावातलेच शेतकरी, गव्हाच्या शेतात जातात. पट्टी पट्टीने चालत बघतात, कुणी शेजाऱ्याच्या पट्टीत नांगर घातला का, कुणी रस्ता खाल्ला का, गवताचा पट्टा नांगरून आत घेतला का, पाण्याचा चर बुजवला का. जिथे हद्द पुसट झाली तिथे लाकडी खुंटी ठोकतात. आठवड्याभराने, डिसेंबरात, पबमधे कोर्ट बसतं आणि ज्याने आगळीक केली त्याला दंड होतो. दंडाची रक्कम अगदी किरकोळ असते. पण ती सगळ्या गावासमोर द्यायची असते.

हे ऐकल्यावर नाना जागेवर थांबले. "म्हणजे बांध कोरल्याचा दंड?" हो म्हटलं, तेच. बांध कोरणे हा शब्द ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, दरवर्षी नांगरताना शेजाऱ्याच्या बांधाची चार बोटं माती आपल्याकडे ओढायची, दहा वर्षांत बांध हातभर सरकतो, पंधरा वर्षांत शेजारी मोजणीला अर्ज टाकतो, आणि मग नानांसारखा माणूस साखळी घेऊन उन्हात उभा राहतो आणि दोन्ही बाजूचे लोक त्याच्याकडे संशयाने बघतात. नानांची सगळी नोकरी त्यात गेली. त्यांनी किती सख्ख्या भावांना एका बांधाच्या दोन बाजूंना उभं राहून शिव्या देताना बघितलंय ते मी लहानपणापासून ऐकत आलोय. इथे मोजणीदार बाहेरून येत नाही. ज्यांची जमीन आहे तेच वर्षातून एकदा एकत्र सगळ्यांच्या जमिनीवरून चालतात, ज्याच्यावर दंड लावायचा तोही कधीतरी ज्युरीत असतो, हे नानांना फार पटलं. परत परत बोलत होते. शेताच्या कडेने खुंटी दिसते का म्हणून काठीने गवत बाजूला करून बघत होते, सापडली नाही, गहू वर आला होता, पण आत पाय घालू दिला नाही त्यांनी मला. पिकात चालायचं नाही, हे तुम्हीही पाळा, ही म्युझियमची शेतं नाहीत, लोकांच्या पोटाची आहेत.

शेतांच्या मधे मधे गवताचे अरुंद पट्टे आहेत, त्यांना साइक्स म्हणतात. बहुतेक सखल, ओलसर जागा, नांगर कधी लावलेलाच नाही, म्हणून तिथे रानफुलांच्या जाती टिकल्यात आणि त्यामुळे सरकारने ते पट्टे संरक्षित केलेत. त्यावरच्या गवताचा लिलाव करायची रीत आहे. नानांना लगेच गायरान आठवलं. आम्ही अशाच एका पट्ट्याजवळ वाटेच्या कडेला बसून डबा खाल्ला, धपाटे आणि शेंगाची चटणी. जून-जुलैमधे आलात तर फुलं जास्त दिसतील, एप्रिलमधे थोडीच होती.

आता मोजमापाची गोष्ट, ह्यासाठीच खरं तर मी हा रिव्ह्यू लिहायला बसलो.

डबा खाऊन झाल्यावर मुलीने बोर्डावरचा प्रश्न विचारला, फर्लांग म्हणजे काय. फर्लांग हा शब्द आपल्याकडे आजोबांच्या पिढीत सर्रास होता, "गाव दोन फर्लांगावर हाय." तो शब्द मुळात नांगराच्या एका तासाची, म्हणजे नांगरलेल्या एका ओळीची, लांबी असा आहे, बैल एका दमात न थांबता जेवढं ओढतील तेवढी लांबी, नंतर ती २२० यार्ड म्हणजे ६६० फूट ठरली. एकर म्हणजे एका फर्लांगाची लांबी आणि २२ यार्डांची रुंदी, ढोबळमानाने एका औताचं एका दिवसाचं काम. मुलगी क्रिकेट क्लबला जाते, ती लगेच म्हणाली बावीस यार्ड म्हणजे पिच. बरोबर. क्रिकेटच्या पिचची लांबी आणि एकराच्या पट्टीची रुंदी एकच आहे. १६२० च्या सुमारास एडमंड गंटर नावाच्या माणसाने जमीन मोजायची साखळी बनवली ती ६६ फुटांची, कारण जुनी मापं आधीच तशी होती, साडेसोळा फुटांची काठी, अशा चार काठ्या म्हणजे ६६ फूट.

नाना एवढा वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "आपली साखळी तेहतीस फुटाची." आणि बोटांवर हिशोब करून दाखवला. तेहतीस बाय तेहतीस, १०८९ चौरस फूट, एक गुंठा. चाळीस गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, एक एकर. तेहतीस म्हणजे सहासष्टाचं निम्मं, इंग्रजांच्या त्या काठीच्या बरोबर दोन काठ्या. साखळीचे सोळा भाग पाडलेले, त्यांना आणे म्हणायचे, ते आपलं देशी, पण लांबी मात्र ह्या शेतांतून आलेली. १८३५ मधे गोल्डस्मिड आणि विंगेट ह्या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने पाहणी-मोजणी सुरू केली, सर्व्हे नंबर पाडले, कोपऱ्यांना दगड आणि मातीचे बुरूज उभे केले, आणि एकर-गुंठ्याचा हिशोब गावागावांत पोचवला. इंदापूर म्हणजे नदीपलीकडे, आमच्या घराच्या गच्चीवरून दिसतो तो तालुका. आमच्या सातबाऱ्यावर आता हेक्टर-आर लिहिलेलं असतं, पण गावात आजही कुणी आरमधे बोलत नाही, दीड एकर पाच गुंठे असंच म्हणतात. नानांनी आयुष्यभर जी साखळी ओढली ती इथल्या बैलांच्या दमावरून ठरली होती हे त्यांना वयाच्या बहात्तराव्या वर्षी इथे येऊन कळलं. ते त्या गवतावरून मोजून पावलं टाकत चालत गेले आणि अंदाजे एकराच्या रुंदीवर थांबले, मुलगी दुसऱ्या टोकाला बॅट धरल्यासारखी उभी राहिली. तो फोटो मी घरात लावलाय.

आता नानांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, वाकडं का. ते लॅक्स्टनमधे नीट दिसत नाही, कारण इथली शेतं आजही ट्रॅक्टरने नांगरतात, जुने वरंबे सपाट झालेत, शिवाय विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या लहान लहान पट्ट्या एकत्र करून मोठ्या केल्या. (नाना म्हणाले, म्हणजे आपली एकत्रीकरण योजनाच की. आपला तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा, त्याआधी चाळीस वर्षं हे इथे झालं.) पण कारण समजतं. त्या काळचा जड नांगर माती एकाच बाजूला, उजवीकडे, पालटायचा. म्हणून पट्टीच्या मध्यापासून सुरू करून गोल गोल फिरत बाहेर यायचं, माती दरवेळी मधे सरकायची, वर्षानुवर्षं करून मधे उंचवटा आणि दोन्ही कडांना सरी. म्हणजे आपलं सरी-वरंबाच, पण वरंबा पाच-दहा मीटर रुंद. पावसाचं पाणी सरीतून निघून जायचं आणि सरी हीच हद्दीची खूण. आणि बैल असायचे आठापर्यंत, एवढी लांबलचक रांग टोकाला आल्यावर एकदम वळत नाही, नांगर अजून मागे असतानाच पुढच्या जोड्या डावीकडे घ्यायला लागायच्या, त्यामुळे तासच टोकाला वळायचं, आणि पूर्ण पट्टीचा आकार उलट्या इंग्रजी एससारखा व्हायचा. नानांनी लहानपणी काळ्या रानात सहाबैली नांगर बघितलाय. ते म्हणाले हे मला सांगायची गरजच नाही, औत वळवायचं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्याला कळतं, पुढचे बैल बांधावर चढायचे आणि मागचा नांगर अजून रानात असायचा.

नंतर जेव्हा जमिनी वाटून कुंपणं घातली गेली तेव्हा काही ठिकाणी त्या वाकड्या पट्टीच्या कडेनेच झाडं लावली, म्हणून कुंपण वाकडं. जिथे वाटणीसाठी नेमलेल्या मोजणीदाराने कागदावर रेघ ओढून वाटणी केली तिथे कुंपणं एकदम सरळ, आणि खालून जुन्या लाटा त्या रेघेला न जुमानता पलीकडच्या शेतात जातात. एकदा हे कळलं की गाडीतून जाताना बघत बसावंसं वाटतं. गावाकडचा रस्ता उगाच काटकोनात वळतो, मधे ना टेकडी ना ओढा, तेव्हा बऱ्याचदा तो जुन्या पट्ट्यांच्या टोकांना वळसा घालून जात असतो. आणि रस्ता एकदम सरळ, दोन्हीकडे रुंद गवत, अशा ठिकाणी बहुतेक वाटणीच्या वेळी आखलेला, अशा रस्त्यांना चाळीस फूट रुंदी धरायची पद्धत होती.

घरी आल्यावर नानांना स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीची नकाशांची वेबसाइट उघडून दिली. फुकट आहे. एका बाजूला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा नकाशा, दुसऱ्या बाजूला लायडार, म्हणजे विमानातून लेझर सोडून जमिनीची उंचसखलता मोजतात ती, झाडंझुडपं काढून टाकलेली. इंग्लंडच्या सरकारी पर्यावरण खात्याने सगळ्या देशाची ही मोजणी एक मीटरच्या बारकाईने करून लोकांना मोफत दिलीय. त्यात आमच्या लेस्टरच्या आसपासची कुरणं बघितली तर ओल्या मातीवर कंगवा ओढल्यासारखी दिसतात, पट्टीशेजारी पट्टी, मधेच दिशा बदलते, जिथे बदलते तिथे औत वळवायची जागा. नाना तीन दिवस लॅपटॉपवरून उठले नाहीत. कागदी नकाशा घेणार असाल तर ऑर्डनन्स सर्व्हेचा (इथलं सरकारी नकाशा खातं) १:२५,००० चाच घ्या, त्यात शेतांच्या कडा दाखवलेल्या असतात, १:५०,००० मधे नसतात. दुकानात पटकन हाताला दुसरा लागतो म्हणून सांगतोय.

१६३५ चा लॅक्स्टनचा नकाशाही जरूर बघा. मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने काढलेला, मूळ प्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत आहे. प्रत्येक पट्टी दाखवलेली, आणि सोबतच्या वहीत कुणाची किती ते लिहिलेलं, शिवाय मधे मधे नांगरणारी, कापणी करणारी बारीक बारीक माणसं काढलीत. मी फोनवर मोठा करून दाखवला तेव्हा नाना म्हणाले, हे टिपण आणि गुणाकार बुक (आपल्याकडची मोजणीची जुनी कागदपत्रं) एकत्र केल्यासारखं आहे, आणि माणसं काढायला त्याला वेळ कसा मिळाला.

गावाची रचनाही बघा, लोक हे विसरतात. इंग्लंडमधे इतर बऱ्याच ठिकाणी शेतकऱ्याचं घर एकटं, चहूबाजूंनी त्याचं रान, आपल्या मळ्यातल्या वस्तीसारखं. लॅक्स्टनमधे शेतकऱ्यांची घरं आणि गोठे गावात, रस्त्याच्या कडेला एकाला एक लागून, कारण जमीन तीन दिशांना विखुरलेली, मग राहणार मधेच. म्हणजे चक्क गावठाण आणि बाहेर शिवार. नाना म्हणाले हे एकच गाव मला इंग्लंडमधे गावासारखं वाटलं.

एक गोष्ट मनाला लागली तीही लिहितो. कुंपणं घालायचे जे कायदे झाले, १६०४ ते १९१४ ह्या काळात पाच हजारांच्या वर, त्यात जवळपास ६८ लाख एकर जमीन गेली. ज्याच्याकडे कागद होता त्याला जमीन मिळाली, ज्याची नुसती वहिवाट होती, एक गाय चारायची, सरपण गोळा करायचं, त्यातल्या कितीतरी लोकांच्या हाती काही लागलं नाही. त्यातले कित्येक शहरात मजुरीला गेले. आज टुरिस्ट ज्या हिरव्या चौकटी-चौकटीच्या इंग्लंडचे फोटो काढतात ती कुंपणं अशी आलेली आहेत. आपल्या गावांमधे गायरानाचं काय चाललंय ते मी इथे लिहीत नाही, ज्याचं त्याने आठवावं, पण लॅक्स्टनच्या त्या उघड्या शेतात उभं राहिल्यावर ते डोक्यातून जात नाही.

लॅक्स्टन सुद्धा आपोआप टिकलेलं नाही. १९५२ मधे मालक असलेल्या अर्ल मॅनव्हर्सने ही पद्धत टिकावी म्हणून गाव शेती मंत्रालयाला विकलं, १९८१ मधे ते क्राऊन इस्टेटकडे (राजाच्या नावावरची मालमत्ता सांभाळणारी संस्था) गेलं, आणि २०२० मधे पुन्हा मूळ घराण्याच्या थोर्सबी इस्टेटने विकत घेतलं. मधली दोन वर्षं, विक्री जाहीर झाल्यापासून, पुढे काय होईल ह्याची काळजी होती. अशी उघडी शेतं डेव्हनमधे ब्रॉन्टनला आणि वेल्समधे ऱ्होसिलीलाही आहेत, पण कोर्टासकट सगळी पद्धत चालू असलेलं गाव लॅक्स्टनच.

जाणाऱ्यांसाठी थोडं. गाडी असेल तरच जा, बसवर अवलंबून राहू नका. पाऊस पडून गेला असेल तर चिखल आपल्या काळ्या रानासारखाच बुटाला चिकटतो, गमबूट न्या. ऑगस्टमधे कापणी झाल्यावर किंवा पीक कमरेएवढं असताना पट्ट्या ओळखू येत नाहीत, एप्रिल-मे चांगला, पीक बुटकं असतं आणि तिन्ही शेतं वेगवेगळ्या रंगांची दिसतात. सकाळी लवकर किंवा चारनंतर जा, ऊन तिरपं पाहिजे. पूर्ण फिरायला चार तास धरा. गावाच्या उत्तरेला जुन्या किल्ल्याचा मातीचा उंचवटा आहे, तिथेही जाता येतं, चढ फार नाही, नाना काठी घेऊन चढले. शेरवुडचं जंगल जवळ आहे पण दोन्ही एका दिवसात करू नका, घाई होते. त्याच गावात हॉलोकॉस्टचं म्युझियम आहे, ते वेगळ्या दिवशी, शांतपणे.

पाचपैकी साडेचार देतो. अर्धा कमी एवढ्याचसाठी की हंगाम चुकला आणि आधी वाचून गेला नाहीत तर काहीच हाती लागत नाही, आणि सोबत शेती कळणारं माणूस नसेल तर निम्मं निसटतं.

नानांना ज्युरीचा दिवस बघायचाय. कोर्टाचा भाग बाहेरच्यांना बघू देतात का त्याची आधी चौकशी करणार आहे, पण नाना म्हणाले लांबून रस्त्यावर उभं राहून बघितलं तरी चालेल, खुंटी कशी ठोकतात तेवढंच बघायचंय. त्यांचा व्हिसा अजून चालू आहे, नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा मी सुट्टी टाकलीय.